पुढं काय झालंय?

आपल्या शिरूर-दौंड पट्ट्यात सध्या सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असावा. गाडीची काच खाली करून समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला विचारायचं, टपरीवाल्याला विचारायचं, ट्रकच्या क्लीनरला विचारायचं. आणि उत्तर ठरलेलं. "काय नाय भाऊ, नुसतंच जाम आहे."

नुसतंच जाम! अपघात नाही, मोर्चा नाही, कुणा मंत्र्याचा ताफा नाही, लग्नाची वरातही नाही. अर्धा तास मुंगीच्या पावलानं सरकायचं आणि मग एका ठिकाणी रस्ता अचानक मोकळा होतो. जिथं मोकळा होतो तिथं बघावं, तर काहीच नसतं. सगळे एकमेकांकडे बघतात, कपाळाला हात लावतात आणि ॲक्सिलेटर दाबून निघून जातात.

मी वीसेक वर्षं या दोन तालुक्यांत बातमीदारी करतोय. नळाला पाणी का आलं नाही, याचं उत्तर मिळतं. लाईट का गेली, याचंही मिळतं. "डीपी जळाला", "मोटार बिघडली", "वरूनच सप्लाय नाही". खरं-खोटं नंतर बघू, पण कुणीतरी काहीतरी सांगतं. रस्ता पाऊण तास का थांबला, हे मात्र आजपर्यंत कुणी कुणाला सांगितलेलं नाही. त्यावर ही पोस्ट आहे. मोठी आहे, पण कोंडीत अडकला असाल तर वाचून होईल. गाडी चालवणाऱ्यानं वाचू नये, शेजारच्यानं मोठ्यानं वाचून दाखवावी.

आधी किंमत काय मोजतोय ते बघू.

रांजणगावला कामाला जाणाऱ्या पोराला विचारा. कायम कामगाराचं एक वेळ निभावतं. कंत्राटी पोरगा गेटवर पंधरा-वीस मिनिटं उशिरा पोचला, तर बऱ्याच ठिकाणी त्याचा हाफ डे जातो. "ट्रॅफिक होतं" हे कारण गेटवर चालत नाही. मेथी-कोथिंबीर घेऊन निघालेल्या शेतकऱ्याला विचारा. लिलाव सुरू झाल्यावर पोचलेल्या मालाला कोण भाव देतो? शाळेच्या व्हॅनमध्ये बसलेल्या पोरांना विचारा. तीन किलोमीटरच्या शाळेसाठी ती सव्वा तास आधी घराबाहेर पडतात.

शिरूरला रेल्वे नाही. लांबची गाडी धरायची तर पुणे नाहीतर दौंड. माझ्या ओळखीच्या एक काकू गेल्या हिवाळ्यात लेकीच्या बाळंतपणाला सोलापूरला निघाल्या होत्या. हाताशी दीड तास जादा ठेवून घर सोडलं होतं. तो दीड तास वाटेत दोन ठिकाणी संपला. स्टेशनच्या अलीकडे शेवटी रिक्षातून उतरून, डिंकाच्या लाडवांचा डबा डोक्यावर घेऊन त्या चालत निघाल्या. प्लॅटफॉर्मवर पोचल्या तेव्हा गाडीचा शेवटचा डबा दिसला. त्या मला म्हणाल्या, "दादा, अपघात झाला असता तर नशीब म्हटलं असतं. पण तिथं काहीच नव्हतं रे."

आणि ॲम्ब्युलन्स. १०८ कोंडीत अडकलेली आपण सगळ्यांनी पाहिलीय. मी पाहिली तिच्यात ऑक्सिजन लावलेले एक आजोबा होते, शेजारी सून बसलेली. चार पोरांनी गाड्यांवरून उतरून रस्त्याकडेच्या दुचाक्या अक्षरशः उचलून बाजूला ठेवल्या, तेव्हा कुठं वाट झाली. ती बाई रडत नव्हती, ओरडत नव्हती. मोबाईलमधल्या घड्याळाकडे बघत होती.

आता मुद्द्यावर. कारण नसताना कोंडी होऊ शकते का?

जपानमधल्या शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न धसास लावला. युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. २३० मीटर घेराचा एक गोल रस्ता आखला. त्यावर २२ मोटारी सारख्या अंतरानं उभ्या केल्या. चालकांना सांगितलं, ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग ठेवा आणि पुढच्याला धडकू नका. बस्स. सिग्नल नाही, खड्डा नाही, चौक नाही, हातगाडी नाही. थोडा वेळ सगळं सुरळीत चाललं. मग कुणाचा तरी वेग किंचित कमी झाला, मागच्यानं जरा जास्त ब्रेक दाबला, त्याच्या मागच्यानं आणखी जास्त. थोड्या वेळानं काही मोटारी चक्क थांबल्या. आणि गंमत म्हणजे थांबलेल्या मोटारींची ती गुठळी मोटारींच्या उलट दिशेनं, ताशी साधारण २० किलोमीटर वेगानं मागं मागं सरकत राहिली.

हे आपल्या रस्त्यावर लावून बघा. समजा भरलेल्या रस्त्यावर न्हावरा फाट्याला सव्वानऊ वाजता एकानं मध्येच गाडी वळवली. तो वळला, गेला, चहा प्यायला बसला. पण त्यानं थांबवलेल्या गाड्यांची लाट मागं सरकत राहिली आणि साडेनऊला पाच किलोमीटर मागच्या माणसापर्यंत पोचली. तो विचारतो, "पुढं काय झालंय?" पुढं आता काहीच नाही. म्हणजे कारण होतं, पण आपण तिथं पोचेपर्यंत ते निघून गेलेलं असतं. "नुसतंच जाम" याचा खरा अर्थ हा आहे.

पण यात एक अट आहे. रस्ता रिकामा असेल तर एकाच्या ब्रेकनं काही बिघडत नाही. रस्ता काठोकाठ भरलेला असेल तरच एक ब्रेक पाच किलोमीटरवर जाऊन भोवतो. मग आपले रस्ते किती भरलेत? हे मोजायचं एक माप देशात आधीपासून आहे. इंडियन रोड्स काँग्रेस ही १९३४ सालापासूनची संस्था रस्त्यांचे निकष ठरवते. ग्रामीण भागातल्या रस्त्यांच्या क्षमतेसाठी तिच्या १९९० सालच्या निकषांत प्रत्येक वाहनाचं वजन मोटारीच्या हिशेबात दिलंय. मोटार म्हणजे १. दुचाकी अर्धी. ट्रक किंवा बस ३. ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळून साडेचार. आणि बैलगाडी? ८!

हे वाचल्यावर मी ऊसतोडणीचा हंगाम डोळ्यांपुढं आणला. दौंड तालुक्यात पाटसचा भीमा, आलेगावचा दौंड शुगर, त्याशिवाय गावोगावची गुऱ्हाळं. दिवाळीच्या आगंमागं गाळप सुरू होतं ते पार उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. धरा, एका टप्प्यात दहा बैलगाड्या आणि दहा ट्रॅक्टर-ट्रॉल्या चालल्यात. मोजणाऱ्याला वीस वाहनं दिसतील. रस्त्याला ती १२५ मोटारींइतकी वाटतात. शिवाय तो हिशेब एका ट्रॉलीचा. आपल्याकडे एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात, वरून ऊस बाहेर आलेला, मागं रिफ्लेक्टर असला तर असला.

यात ऊसवाल्या शेतकऱ्याला किंवा गाडीवानाला बोल लावत नाही. ऊस तोडला की वाळायच्या आत काट्यावर जायलाच पाहिजे. पण हे दरवर्षी, त्याच महिन्यांत, त्याच रस्त्यांवर होतं. अचानक आलेली आपत्ती नाही ती. कोणत्या रस्त्यानं, किती वाजता या गाड्या सोडायच्या हे हंगामाआधी बसून ठरवता येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ नुसार विशिष्ट रस्त्यावर, विशिष्ट वेळी, विशिष्ट वाहनांना मनाई करायचा अधिकारही आहे. वेळ ठरवायला नवीन कायदा लागत नाही.

आता गावात येऊ.

शिरूरला बायपास झाला तेव्हा वाटलं, सुटलो. नगर-पुणे जड वाहतूक बाहेरून जायला लागली. तरी पाच कंदील चौकाकडे संध्याकाळी गाडी घालून बघा. याचा अर्थ सरळ आहे. गावातली कोंडी आता बाहेरच्यांची नाही, आपली आहे. घोडनदीची बाजारपेठ जुनी. रस्ते बैलगाडी-टांग्याच्या काळातले, घरं दोन्ही बाजूंनी रस्त्याला चिकटलेली. त्यात गेल्या काही वर्षांत घरटी दोन दुचाक्या आणि दोन-तीन घरांआड एक चारचाकी आली. एमआयडीसीमुळं भाड्यानं राहणारे वाढले. रस्त्याची रुंदी मात्र आजोबांच्या काळातलीच राहिली.

एक साधं गणित करू. नऊ मीटरचा रस्ता धरा. दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या, दोन-दोन मीटर गेले. एका बाजूला हातगाडी आणि तिच्यापुढं उभं गिऱ्हाईक, आणखी मीटरभर गेला. राहिले चार मीटर. त्यात समोरासमोर दोन मोटारी जाऊ शकतात, पण आरसे मिटवून. टेम्पो किंवा एसटी आली की एकानं थांबायचंच. कागदावर दुपदरी असलेला रस्ता प्रत्यक्षात एकपदरी झाला आणि कुणीही तसा आदेश काढलेला नाही. त्यातच एखादा "दोन मिनिटांत येतो" म्हणून गाडी लावून मेडिकलमध्ये जातो. मिनिटाला पंधरा वाहनं जात असतील, तर त्याच्या दोन मिनिटांत तीस वाहनं तुंबली. तो गेला तरी तुंबलेली तीस सुटायला वेळ लागतो, तोवर मागून नवीन येतात. झाली कोंडी. विचारलं तर, "काय नाय, नुसतंच जाम आहे."

पार्किंगचंही तेच. नवीन इमारतीला पार्किंग सोडावंच लागतं. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत प्रमाण ठरवून दिलंय. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांत कितीतरी इमारतींचं पार्किंग नकाशात असतं आणि जागेवर गाळा असतो. मंगल कार्यालय हजार माणसांचं, गाड्या लावायला जागा पन्नासची. बाकीच्या गाड्या कुठं जाणार? रस्त्यावरच ना!

दौंडची गोष्ट वेगळी आणि जास्त बोलकी आहे. दौंडला रुळांनी गाव कापलंय. १८७८ साली मनमाडकडचा फाटा सुरू झाला आणि दौंड जंक्शन झालं, गाव त्याच्याभोवती वाढलं. पण रुळांच्या या बाजूकडून त्या बाजूला जायच्या वाटा मोजक्याच. कुरकुंभ मोरी, नगर मोरी ही नावं दौंडकराला समजावून सांगावी लागत नाहीत. रुळांखालची अरुंद वाट, पाऊस पडला की साचणारं पाणी, एक मोठी गाडी आत शिरली की दोन्हीकडे लागणारी रांग. कुरकुंभ मोरी हा विषय इतकी वर्षं निवेदनं, आंदोलनं, आश्वासनं आणि बातम्या यांच्यात राहिला, की इथली एक पिढी त्या रांगेत उभी राहून मोठी झाली.

आता त्याच रुळांवर वरून जाणाऱ्या गाडीकडे बघा. रेल्वेची गाडी दहा मिनिटं उशिरा सुटली, तर कंट्रोलमध्ये नोंद होते. का उशीर झाला? सिग्नल बिघडला, इंजिनात दोष होता, कुणी साखळी ओढली? कारण लिहावं लागतं आणि कोणत्या खात्यामुळं झालं तेही लिहावं लागतं. खाती एकमेकांवर ढकलतात, भांडतात, पण रकाना रिकामा राहत नाही. त्याचा उपयोग होतो. पुण्याकडून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांना दौंडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडावं लागायचं. त्यात वेळ जातो हे रेल्वेला माहीत होतं, किती जातो हेही माहीत होतं. शेवटी कॉर्ड लाईन टाकली आणि आता कित्येक गाड्या दौंड कॉर्ड लाईन स्टेशनावरून, इंजिन न फिरवता पुढं जातात. सोय-गैरसोयीचे वाद आहेत, ते असू देत. उशिराचं कारण कागदावर होतं म्हणून त्याच्यावर उपाय करता आला, एवढंच मला म्हणायचंय.

रुळांवर दहा मिनिटांचा हिशेब लागतो. रुळांखालच्या मोरीत चाळीस मिनिटं गेली तर कुठंच नोंद नाही. माणसं तीच, गाव तेच.

नोंद का नाही? कारण रस्ता कुणाचा, हेच कळत नाही. पुण्याहून शिरूरला येताना फक्त हद्दी मोजा. वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत गेली. लोणीकंद पोलीस ठाणं त्याच वर्षी पुणे शहर आयुक्तालयात गेलं, त्याच्या पुढं पुणे ग्रामीण पोलीस. वाटेत कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव अशा ग्रामपंचायती. शिक्रापूरला चाकणकडून येणारा रस्ता मिळतो, त्याचं ट्रक-कंटेनरचं ओझं वेगळं. मध्येच एमआयडीसी, मग शिरूर नगरपरिषद. रस्ता महामार्गवाल्यांचा, बाजूची गटार स्थानिक संस्थेची, थांबा एसटीचा, परवाना आरटीओचा, अतिक्रमण कुणाचंच नाही! खड्डा एकाचा, टपरी दुसऱ्याच्या हद्दीत, पोलीस तिसऱ्याचा. कोंडी सगळ्यांची, म्हणून कुणाचीच नाही.

मी मागं एकदा माहितीच्या अधिकारात साधा अर्ज टाकला होता. अमुक चौकात मागच्या वर्षभरात वाहनांची मोजणी झाली का, झाली असल्यास आकडे द्या. कायद्यात तीस दिवसांची मुदत आहे. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवायचा असतो. अर्ज पाठवला गेला. तिथून आणखी एकीकडे पाठवला गेला. शेवटी उत्तर आलं, "सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही." नाव घेत नाही, कारण तिथल्या साहेबानं खोटं सांगितलं नाही. मोजलंच नव्हतं, तर उपलब्ध कुठून असणार!

आता कुणी म्हणेल, एवढ्या गर्दीत प्रशासन तरी काय करणार? त्याला माझं उत्तर आहे: १ जानेवारी.

दर १ जानेवारीला कोरेगाव भीमाजवळ पेरणे फाट्याला जयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात. त्याच्या काही दिवस आधी वाहतूक बदलाचा आदेश निघतो. पेपरात छापून येतो, आपल्या व्हॉट्सॲपवर फिरतो. नगरकडून येणारी वाहनं शिरूरहून न्हावरा, पारगाव, चौफुला, यवतमार्गे हडपसरकडे वळवतात. चाकणकडची वाट वेगळी, जड वाहनांची वेगळी. पार्किंगची ठिकाणं ठरलेली, तिथून बस, ठिकठिकाणी पोलीस, पाणी, ॲम्ब्युलन्स. त्या दिवशी आपल्याला माहीत असतं की रस्ता का बंद आहे, किती वाजेपर्यंत बंद आहे आणि दुसरी वाट कोणती. तुकोबारायांची पालखी यवत आणि वरवंडला मुक्कामाला येते तेव्हाही तसंच. सोलापूर रस्त्याची वाहतूक कशी वळवणार हे आधी जाहीर होतं. लोक थोडे थांबतात, थोडे फिरून जातात, पण चिडत नाहीत. कारण माहीत असलं की माणूस थांबतो.

म्हणजे अक्कल आहे, अधिकार आहेत, माणसंही आहेत. शिरूर आणि दौंड हे दोन तालुके एकाच नकाशावर ठेवून विचार करता येतो, हेही सिद्ध झालंय. वर्षातले दोन-चार दिवस जे जमतं, त्याचा दहावा हिस्सा बाकीचे दिवस का जमू नये?

मोठ्या रस्त्याचं म्हणाल, तर पुणे ते शिरूर असा सुमारे ५४ किलोमीटरचा उन्नत मार्ग सरकारनं मंजूर केलाय, खर्च साडेसात हजार कोटींच्या घरात. व्हावा, लवकर व्हावा. शिक्रापूर-वाघोलीत रोज दोन-दोन तास घालवणाऱ्यांना तो हवाच आहे. पण तो उतरणार कुठं? शिरूरच्या तोंडाशी. वरून सुसाट आलेली वाहनं खाली उतरून त्याच नऊ मीटरच्या रस्त्यात शिरणार असतील, तर नरसाळं मोठं झालं आणि नळी तेवढीच राहिली. शिवाय तो बांधून होईपर्यंतची वर्षं आपल्याला खालच्याच रस्त्यावर काढायची आहेत.

आणि मंडळी, थोडं आपल्याबद्दल. राग येईल, पण ऐका. रांग लागली की आपल्यातले चार शहाणे उजवीकडून नवीन रांग सुरू करतात. त्यांच्या मागं आणखी दहा. समोरूनही तसेच चार शहाणे आलेले असतात. दोन्ही रांगा मधोमध तोंडाला तोंड लावून उभ्या राहतात, आणि दहा मिनिटांत सुटणारी कोंडी तासाची होते. मग कुणीतरी भला माणूस गाडी सोडून मध्ये उभा राहतो, शिट्ट्या मारून एकेकाला काढतो. बहुतेक वेळा तो रिक्षावाला असतो, नाहीतर वडापाववाला. त्याला कुणी धन्यवादही देत नाही. उजवीकडून घुसणारा वाचवतो पाच मिनिटं आणि मागच्या दोनशे जणांची घालवतो. ॲम्ब्युलन्सची वाट नेमकी तिथंच बंद होते.

तर मागायचं काय? "रस्ते रुंद करा", "पोलीस वाढवा", "अतिक्रमण काढा" या मागण्या निवेदनांत वर्षानुवर्षे आहेतच. त्या राहू द्या. मी तीनच साध्या गोष्टी मागतोय.

पहिली, मोजा. इंडियन रोड्स काँग्रेसच्याच शिफारशीत आहे की गावाबाहेरच्या रस्त्यांवरची वाहनं वर्षातून दोनदा, सलग सात दिवस मोजावीत. एकदा पिकं निघायच्या आणि बाजारात जायच्या ऐन हंगामात, एकदा थंड काळात. आपल्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. मग शिरूर आणि दौंडच्या पाच-पाच ठिकाणी उसाच्या हंगामात एकदा आणि पावसाळ्यात एकदा मोजा. कॉलेजची पोरं घ्या, त्यांना प्रमाणपत्र द्या. आणि आकडे नगरपरिषदेच्या, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

दुसरी, कारण सांगा. अर्ध्या तासापेक्षा जास्त कोंडी झाली की त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत दोन ओळींत जाहीर करा: कुठं, कधी, कशामुळं. "ट्रॅक्टरचा पाटा तुटला", "स्टँडसमोर दोन बस एकदम वळल्या", "कार्यालयात लग्न होतं, पार्किंग नव्हतं". तीन महिने ही नोंद ठेवली, तर मला खात्री आहे, त्याच त्या पाच-सात कारणांची यादी तयार होईल. आणि यादी समोर आली की एखादं दुभाजकाचं तोंड बंद करणं, एखादा थांबा पन्नास मीटर पुढं नेणं, उसाच्या गाड्यांची वेळ बदलणं, असे कोटी-बिटी न लागणारे उपाय आपोआप दिसायला लागतील.

तिसरी, एक माणूस ठरवा. जिल्ह्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते. तशी तालुक्याला महिन्यातून एक बैठक लावा. पोलीस, बांधकाम, महामार्ग, नगरपरिषद, एसटी, साखर कारखाने, एमआयडीसी आणि दौंडला रेल्वे, सगळे एका टेबलाभोवती. आणि या सगळ्यांच्या वतीनं लोकांना उत्तर देणारा एक अधिकारी, ज्याचं नाव आणि नंबर चौकात लावलेला असेल. शिव्या द्यायला नाही. "पुढं काय झालंय" हे विचारायला.

हे होईपर्यंत आपण सुरुवात करू. या पोस्टखाली फक्त तीन गोष्टी लिहा: ठिकाण, वेळ आणि पुढं गेल्यावर दिसलेलं कारण. काहीच दिसलं नाही, तर "काही दिसलं नाही" असं लिहा, तीही नोंदच आहे. कुणाच्या गाडीचा नंबर नको, कुणाच्या पक्षाचं नाव नको, शिव्या तर नकोतच. महिनाभरानं ही सगळी नोंद एकत्र करून तक्ता बनवेन आणि दोन्ही तालुक्यांत, जिथं द्यायचा तिथं सही-शिक्क्याची पोच घेऊन देईन. पोच इथंच टाकेन.

आणि येत्या सोमवारपासून सात दिवस, रोज सकाळी साडेआठ ते साडेनऊ, मी शिरूरच्या एसटी स्टँडसमोर उभा राहून वाहनं मोजणार आहे. एकट्याला दोन्ही बाजू मोजता येत नाहीत, आणखी तीन जण लागतील. दौंडला मोरीपाशी कुणी उभं राहणार असेल तर मेसेज करा, रकाने आखलेला कागद पाठवतो. येताना पेन आणि पाण्याची बाटली आणा. आणि कृपा करून गाडी घरी ठेवून या.